म्हालक्षुम्यांसाठी कागदाची फरशी

मपल्या घरातला कोबा म्या सोताच्या हातानं केलता. तो तसा कावून व्हता, ह्येचं उत्तर ह्यातच आलं. शिमिट कमी पडलं तवा म्हनलं वाळू वाढवू, दिसायला सारखंच दिसतंय. दिसलं बी सारखंच. पन पुढं त्येनं रंग दावला. बायको सकाळी झाडायची तवा अर्धी जमीन सुपलीत यायची. मी म्हनायचो, "अगं हळू झाड, घर खाली चाललंय." ती म्हनायची, "घर न्हाई, घरधनी खाली चाललाय."

घर म्हंजी काय, पत्र्याच्या दोन खोल्या. भायेरची बसायची, आतली सैपाकाची, आन् दार एकच. पोरगी लगीन होऊन गेली, आता आमी दोघंच. मी लसून इकतो. शिरूरचा बाजार, उमापूरचा बाजार, जिथं बाजार तिथं मी पोतं घिऊन हाजर. शाळेत कधी गेलो न्हाई. एकदा गेल्तो, पन ते शाळंच्या भिंतीवर वाळत घातलेलं चिपाड चुलीला आनायला.

थोरला भाऊ शेजारच्याच आळीत राहतोय. ऊसतोडीचा मुकादम हाय, त्येचं घर शिमिटाचं, खाली गुळगुळीत टाईल. तिथं मी पैल्यांदा गेलो तवा दारातच घसरून वैनीच्या म्होरं सपशेल आडवा झालो. वैनी म्हनल्या, "भावजी, पाया पडायची काय गरज न्हवती."

वाटनी झाली तवा आमच्याकडं खडकाळ रान आलं आन् भादव्यातल्या गौरी, म्हंजी आमच्या म्हालक्षुम्या, थोरल्याकडं राह्यल्या. थोरल्याकडं देव राहत्यात, ही रीतच हाय. पन आमच्यात असं बी हाय, की थोरलीनं मन मोठं केलं तर लक्षुम्या एका वरसाला धाकटीच्या घरी बी येत्यात. बायको दर वरसाला थोरल्याच्या घरी जायची. पुरन वाटायची, सोळा भाज्या चिरायची, लक्षुम्यांना लुगडी नेसवायची, आन् सगळ्यांची उष्टी काढून घरी यायची. घरी आली की आपल्या देवाच्या फळीकडं बगत बसायची. फळीवर काय न्हवतंच, एक काडेपेटी व्हती.

ह्या साली नागपंचमीला सगळ्या बाया झोक्यापाशी जमल्या तवा तिनं धीर केला. म्हन्ली, "आक्का, औंदा म्हालक्षुम्या मपल्या घरी यिऊ द्या की."

वैनी काय वाईट न्हाईत, पन चार बाया म्होरं असल्या की त्यांच्या तोंडाला धार येती. म्हनल्या, "दिल्या असत्या गं धाकटे. पन तुझ्या घरात लक्षुम्या उभ्या केल्या तर संध्याकाळपतोर त्यांचे मुखवटे वळखू येनार न्हाईत, इतकी धूळ. लक्षुमी काय मातीत उभी करायची असती? फरशी कर आन् ने. मी सोता घिऊन यीन."

बाया हासल्या. बायको घरी आली, मला भाकर वाढली आन् म्होरं बसली. ती भांडली असती तर मी बिनघोर जेवलो असतो. ती म्हन्ली, "फरशी पायजे."

"कोन्ती फरशी?"

"कोन्ती बी. लक्षुम्या आल्या पायजेत. मला दुसरं काय नगं."

लगीन झाल्यापून तिनं मला काय मागितलं न्हवतं, कारन मागून मिळतंय असं तिला कधी दिसलंच न्हवतं. दुसऱ्या दिशी मी फरशीच्या दुकानात गेलो. त्या मानसानं भाव सांगितला. म्या इचारलं, "हा सगळ्या आळीचा का?" तो म्हनला, "एका खोलीचा." म्या त्येचा चहा पिलो आन् माघारी आलो.

आता उमापूरच्या बाजारात दुपारी गिऱ्हाईक नसतंय. तवा मी मोबाईल बगत बसतो. वाचता येत न्हाई, पन बोट फिरवाया काय शाळा लागत न्हाई. बोट फिरवता फिरवता एक गोरी बाई आली. गुडघ्यावर बसून ती खाकी कागद टराटरा फाडत व्हती. म्या म्हनलं हिचं बी नवऱ्यासंगं वाजलं असंल. पन तिनं तो कागद चेंडूवानी चुरगाळला, परत उलगडला, गमात बुडवला आन् जमिनीला चिटकवला. त्येच्यावर दुसरा, त्येच्यावर तिसरा, जसं आपुन गोधडीला ठिगळावर ठिगळ लावतो. वरून वारनिस मारलं. आन् बगतो तर काय! घोटून घोटून चमकवलेला दगूडच जनू. ती बोलायची लई, पन कोन्त्या भाषेत ते कळंना. म्या म्हनलं बोलनं सोडा, हात बगा. हात सगळीकडं सारखेच असत्यात.

शेवटाला ती पांढरे पायमोजे घालून त्या फरशीवर इकडून तिकडं चालली. म्या ते बी धेनात ठिवलं. कागदाच्या फरशीला पायमोजे लागत्यात. न्हाईतर बाई घरात पायमोजे कावून घालंल?

कागदाचा सवाल व्हता. बाजारात मपल्या शेजारी एक फळवाला भाई बसतोय. सीताफळ, मोसंबी, जो हंगाम असंल ते. पलास्टिक बंद झाल्यापून तो खाकी कागदाच्या पिशव्या करून ठिवतो, घरी त्येच्या थप्प्या पडलेल्या. म्या म्हनलं, "भाई, कागद पायजेत."

"कित्ते?"

"दोन खोल्या भरतील येवढे."

भाईनं मोसंबी खाली ठिवलं. "क्या बे, लसून कू शेरवानी सिलारा क्या?"

म्या त्येला मोबाईल दावला. त्येनं सगळं बघितलं, दाढी खाजवली आन् म्हनला, "ये बाई का घर सुखा है. तेरा घर देख्या मैं. तेरे घर में बकरी बी छत्री लेके बैठती." पन कागद दिले. पैशे घेतले न्हाईत, म्हनला लसून दे वरीसभर. जाताना मागून ओरडला, "अरे, बच्चे लोगां किताब कू कव्हर घालते, तू घर कू घालरा! शाळंत गेला न्हाई ना, उसका बदला लेरा तू!"

खरंच व्हतं. खाकी कागद मपल्या हातात पैल्यांदाच आलता.

बायकोला सांगितलं तवा तिनं एक कागद उचलून उजेडाला धरला. मंग म्हन्ली, "कागदाची फरशी. उद्या पिठाच्या भिंती करताल." पन दुसरा इलाज न्हवता, हे तिला बी ठावं व्हतं. तिनं पदर खोचला आन् कागद चुरगाळाया बसली. मी बाजारात बी चुरगाळायचो. गिऱ्हाईक यायचं, "लसून कसा दिला?" आन् मी एक खाकी गोळा उलगडून, परत चुरगाळून, बाजूला ठिवून मंग भाव सांगायचो. एक म्हातारी म्हन्ली, "लेकरा, घरी कुनी हाय का तुला?"

गम आनला, सुताराचा पांढरा. पानी घालून पातळ केला. आमी दोघं गुडघ्यावर बसून ठिगळं लावत गेलो. आन् खरं सांगतो, ते जमलं! मपला सगळा वाळूचा कोबा तो गम पिऊन गप बसला. झाडलं तर काय निघंना. बायको लावायची ते ठिगळ नितळ बसायचं, मी लावायचो त्येला मधी फुगा यायचा. तिनं मला फुगे फोडायच्या कामाला लावलं. शेवटी शेवटी ती गुनगुनाया लागली, तवा मी आतून लई मोठा मानूस झालो.

शेजारचा म्हातारा रोज दारात यायचा, खाली बगायचा, "वली दिसतीय, वाळू द्या, मंग येतो," म्हनून माघारी जायचा. ती वाळलेली व्हती. तो रोज तेच म्हनून जायचा. आमच्या फरशीला पैला मान त्येनं दिला.

बायकोनं वैनीला 'फरशी झाली' म्हनून सांगून बी टाकलं. राह्यलं फक्त वारनिस. लक्षुम्या यायच्या आदल्या दिशी मारायचं ठरलं. बायको सकाळी दळन घिऊन गिरनीवर गेली. जाताना तीनदा म्हन्ली, "मी आल्याबिगर हात लावू नका." सन जवळ आला की गिरनीवर ही गर्दी. म्या म्हनलं, ती येईपतोर आपुन चमकवून ठिवू, बगून तिचा जीव हरखंल.

ती मोबाईलमधली बाई वारनिस पातळ पातळ, परत परत मारायची. म्या म्हनलं येडी हाय, एकदाच जाड मारलं की काम संपलं. शिमिटाच्या येळंला डोक्यात जो किडा व्हता, तोच ह्या येळंला बी व्हता, जरा वाढलेला.

मंग सवाल आला, सुरू कुठून करायचं? म्या म्हनलं शुभ काम हाय, लक्षुमी दारातून येनार, मंग उंबऱ्यापून करावं. पायात पांढरे पायमोजे चढवले, शिरूरात मुद्दाम घेतलते. उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आन् बुरूश मारत मारत आत निघालो. भायेरची खोली झाली. आतली झाली. मागं बगतो तर काय ती चमक! पत्र्याच्या फटीतला उजेड त्याच्यात पडलेला दिसाया लागला. तेवढ्यात मपली पाठ मागच्या पत्र्याला टेकली.

म्या डबा खाली ठिवला. दाराकडं बघितलं. दार लई लांब व्हतं, आन् मधी सगळं वलं.

बायको आली. डोक्यावर पीठ, उंबऱ्याच्या भायेर उभी. तिनं फरशी बघितली, मंग मला बघितलं. मी मागच्या भिंतीला पालीवानी चिटकलेला.

"अवं, तुमी तिकडं कावून?"

"काम करत करत आलो."

"आन् भायेर कसं येनार?"

"त्येचाच इचार करायलोय."

तिनं पीठ खाली ठिवलं. "आत्तापतोर आयुष्यात एकदा तरी पोतेरं हातात धरलं असतं! सारवन घालतानी आतून दाराकडं येत्यात, हे लहान पोरीला बी कळतंय. माझ्याकडं इतकी वरसं बगत बसले, त्यातलं काय बघितलं?"

म्या म्हनलं वाळूस्तोवर थांबतो. भादव्याचा महिना, आभाळ भरलेलं, वारनिस बोटभर जाड. ते वाळायचं सोडून मपल्याकडंच बगत राह्यलं. बायको पडवीत दगडं मांडून चूल पेटवत व्हती आन् मी आतून तिला इचारत व्हतो, "वाळलं का गं तिकडलं?" ती बोट लावायची, आन् बोट परत घ्यायला तिला दुसऱ्या हाताची मदत लागायची.

मंग ज्याची भीती व्हती ते आलं. मला लघवीला लागली. बायकोच्या दोन दिसाच्या उपासानं पवित्र केलेल्या घरात, लक्षुम्यांच्या आदल्या दिशी, ते काय करता येत न्हवतं. म्या डबा-बुरूश उचलला, देवाचं नाव घेतलं आन् निघालो.

पैल्या दोन पावलात पायमोजे गेले. ते तिथंच राह्यले, मी म्होरं आलो. मंग उघड्या पायानं, खाली चट्ट, वर फर्र, चट्ट, फर्र, करत दाराच्या भायेर उडी मारली. परसात पोचलो तवा मपल्या पायाला खाली कागदाचे तळ लागलेले. आमच्या कोंबड्या मला बगून कुडाखाली गेल्या.

माघारी आलो तर बायको उंबऱ्यात बसलेली. डोळ्यात पानी. म्या म्हनलं, "अगं, जरासं फाटलंय, ठिगळ लावू."

"फाटल्याचं न्हाई वो. बगा तरी."

बघितलं. मागच्या भिंतीपून उंबऱ्यापतोर, मधोमध, एकाम्होरं एक पावलं उठलेली. बोटं सगळी दाराकडं. घरातून भायेर निघालेली. म्हालक्षुम्याच्या सनाला बाया दारातून देवापतोर कुंकवाची पावलं काढत्यात, आत येनारी. आन् मपल्या घरात आदल्या दिशी, वारनिसात कायमची, जानारी पावलं.

"आक्का उंबऱ्यातूनच माघारी फिरत्याल," ती म्हन्ली. "ज्या घरातून लक्षुमी निघाली, तिथं मुखवटे आनून ठिवनार का त्या? आन् त्या न्हाई फिरल्या तर बाकीच्या बाया फिरवत्याल."

आता मात्र मपली मस्करी आटली. तिच्या दोन्ही हाताला अजून गम व्हता. म्या म्हनलं, पुसू. वरून वारनिस मारलं, तर ती पावलं आनखी ठळक झाली, काच बसवल्यावानी. ठिगळ लावलं तर ते वल्या वारनिसावर होडीवानी तरंगाया लागलं.

मंग म्या म्हनलं, "उलटं चालत आत जातो. म्हंजी आत गेल्यावानी होईल."

बायको म्हन्ली, "उलटं गेलात तरी बोटं भायेरच राहत्यात."

म्या परसात जाऊन मातीत चालून बघितलं. बरुबर व्हतं.

"मंग सरळ जातो. तोंड आत करून, त्याच पावलांवर पाय ठिवून. आत येनारी बोटं वर उठतील."

"आन् मंग भायेर कसे येताल?"

इथं आमी दोघं अडलो. कारन गेलो की आत, आलो की परत जानारी पावलं, परत गेलो की परत आत. ह्येला अंतच न्हवता. वारनिस वाळूस्तोवर मी असाच आत-भायेर करत राह्यलो असतो आन् लक्षुम्यांना वाटलं असतं हे घर हाय का बस स्टँड.

शेवटी तीच म्हन्ली, "मागचा पत्रा उचका. तिथून भायेर या."

"हे मघाशीच कावून सांगितलं न्हाई?"

"मघाशी तुमी इचारलं व्हतं का? तुमी तर देवाचं नाव घिऊन निघाले."

मी त्याच पावलांवर, टाच बोटाच्या जागी आन् बोटं टाचंच्या जागी, नेम धरून धरून आत गेलो. लसनाच्या पोत्याची काळजी घेत न्हाई तेवढी पायाची घेतली. मागच्या भिंतीशी पोचलो, बायकोनं भायेरून पक्कडीनं पत्र्याचे नट काढले, फट झाली. डोकं गेलं, खांदं गेलं, पोट राह्यलं. बायको हात धरून ओढतीय, मी पाय मारतोय, पत्रा वाजतोय, आन् तेवढ्यात पूजेची फळं घिऊन भाई आला. गाडी लावली, बघितलं, फळाची पिशवी खाली ठिवली.

"भाबी, इसकू जनम देरे क्या?"

"हसू नका वो भाई, ओढा!"

दोघांनी ओढलं. मी भायेर आलो. सदरा आत राह्यला. भाईनं फटीतून आत डोकावलं आन् कितीतरी येळ तसाच राह्यला. मंग म्हनला, "फरशी मस्त झाली बे. खरंच मस्त झाली. बस ये जनावर कौनसा गया इसपे?"

दारातून जाऊन आमी बी बघितलं. प्रत्येक पावलाला आता दोन्ही टोकाला बोटं व्हती. असल्या पायाचं काय देवानं अजून केलेलं न्हाई. पन जाती का येती हे काय सांगता येत न्हवतं, तेवढंच समाधान.

दुसऱ्या दिशी दुपारपतोर वारनिस वरून सुकलं, आतून चिकटच. बायकोनं आतल्या बाजूच्या बोटांवर कुंकू भरलं आन् भायेरच्या बाजूच्या बोटांवर रांगोळीची फुलं काढली. पायमोजे निघालेच न्हाईत. कातरीनं कापून वरचा भाग काढला, तळ तिथंच राह्यला. त्येच्यावर तिनं स्वस्तिक काढलं.

संध्याकाळी ताटं-चमचे वाजवत बाया आल्या. म्होरं वैनी, ताटात पितळंचे दोन्ही मुखवटे, वर रेशमी रुमाल. मागं थोरला भाऊ आन् त्येच्या मागं आळीतल्या सगळ्या. वैनी उंबऱ्यात थांबल्या. ताटं वाजायची थांबली.

त्या पैल्यांदा फरशीकडं बघत राह्यल्या. दिव्याचा उजेड तिच्यात हालत व्हता. "बाई! कोन्ता दगड हाय गं ह्यो?"

"खाकी," बायको म्हन्ली.

भाऊ वाकून म्हनला, "खाकी दगड? हे म्या कधी आयकलं न्हाई. कुठून आनला?"

म्या म्हनलं, "बाजारातून. मोसंब्याच्या शेजारून."

मंग वैनीची नजर पावलांवर गेली. "एवढाले पाय? धाकटे, ही लक्षुमी हाय का हमाल?" बाया फिसकन हासल्या. वैनी आनखी खाली वाकल्या. "आन् हे स्वस्तिकाखाली काय हाय? पायमोजा? लक्षुमीला थंडी वाजती व्हय?" आता तर भाऊ बी हासला. मी बी हासलो, कारन पायमोजा मपला व्हता.

आन् तेवढ्यात वैनीनं एक रांगोळीचं फूल बोटानं जरा बाजूला सारलं. खालची बोटं दिसली. भायेर निघालेली.

वैनीच्या हातातलं ताट जरा मागं गेलं, त्यांच्या छातीकडं. एक म्हातारी मागून कुजबुजली, "जानारी हायत गं." म्या तोंड उघडलं, सांगावं की हे पाय मपले हायत, मला लघवीला लागल्ती. देवाच्या दारात, चार बायांम्होरं, हे सांगायची बी म्या तयारी केली.

पन बायको म्होरं झाली. तिच्या हातात हळदी-कुंकवाचा करंडा व्हता. म्हन्ली, "आक्का, जायच्या बी खुना हायत आन् यायच्या बी हायत. वाटनी झाली तवा लक्षुमी हितून उठून तुमच्या घरी गेली. त्या जायच्या. आज तुमीच तिला हाताला धरून आनली. ह्या यायच्या."

फरशी आठ दिसाची बी न्हवती आन् वाटनीला किती वरसं झाली व्हती, पन हे त्या येळंला कुनाच्या डोक्यात आलं न्हाई. मपल्या बी न्हाई. मला खरंच वाटलं तसंच झालं असंल.

वैनी तिच्याकडं बघत राह्यल्या. मंग म्हनल्या, "तोंड लई चालाया लागलं गं तुझं." आन् उंबऱ्याच्या आत पाय ठिवला.

चट्ट.

वैनी थांबल्या. दुसरा पाय ठिवला. चट्ट. "हे काय वाजतंय?"

"पैंजन," म्या म्हनलं.

"भावजी, तुमी गप बसा."

मंग सगळ्या बाया आत आल्या. ताटं वाजत व्हती, मधी मधी चट्ट चट्ट. "लक्षुमी आली." चट्ट. "कशाच्या पावलानं आली?" चट्ट. "सोन्याच्या पावलानं आली." एकीचं जोडवं राह्यलं, ते नखानं काढावं लागलं. लक्षुमीचं धड म्हंजी पत्र्याची कोठी, आत धान्य भरायचं, वर लुगडं नेसवायचं, त्येच्यावर मुखवटा. थोरल्याकडून आलेल्या दोन्ही कोठ्या मागच्या भिंतीशी मांडल्या. बायकोनं लुगडी नेसवली. निऱ्या घालतानी तिचे हात थांबले न्हाईत. दिवा लावला तवा ती मुखवट्यांकडं बघत व्हती, आन् मी तिच्याकडं.

दुसऱ्या दिशी पंगत. भाऊ जेवाया बसला, मला टोमना मारला, "कागदावर बसवतोस, मंग पत्रावळ तरी कशाला? फरशीवरच वाढ की." (भाईनं कागदाचं त्येला सांगितलं व्हतं. भाईच्या पोटात काय राहत न्हाई.) पोटभर पुरनपोळी खाल्ली आन् उठाया गेला. उठला न्हाई. धोतर फरशीला चिकटलेलं. तो अर्धा उठायचा आन् परत बसायचा. बायांनी तिकडं तोंडं केली, म्या आन् दोघा गड्यांनी त्येला धरून उपसला. धोतराचा एक तुकडा अजून तिथं हाय. चांगल्या कापडाचा हाय.

तिसऱ्या दिशी लक्षुम्या उठवायच्या. पूजा झाली, वैनीनं मुखवटे काढून रुमालात गुंडाळले. आता कोठ्या न्यायच्या. भावानं एकीला हात घातला. हालंना. म्या हात घातला. हालंना. धान्याचं वजन तीन दिवस त्या जाड वारनिसात बसलेलं, कोठ्या मुळं धरल्यावानी. धान्य काढलं, तरी न्हाई. भावानं गडी बोलावला, तिघांनी मिळून कोठी धरली आन् "हं!" म्हनून ओढली. खालून फर्र असा आवाज आला, कागदाचा कोपरा उठला.

"थांबा!" वैनी ओरडल्या. "ओढू नगा वो! धाकटीची फरशी फाटंल!"

सगळे थांबले. भावानं हात काढला. वैनीला कळलं न्हाई आपुन काय बोललो, त्या रुमालाची गाठ मारत व्हत्या. पन मपल्या बायकोला कळलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राह्यली आन् पदराचं टोक तोंडाला लावलं.

"राहू द्या कोठ्या हितंच," वैनी म्हनल्या. "मुखवटे मपल्याकडं. पुढल्या साली बी मीच घिऊन यीन, आता काय." आन् चट्ट चट्ट करत निघून गेल्या.

तवापून आमी चौघं राहतो. दोन कोठ्या, लुगडी नेसलेल्या, वर मुंडकं न्हाई. पाव्हनं पैल्यांदा येतंय ते दारातच आर्र करतंय. शेजारचा म्हातारा अजून भायेरूनच इचारतो, "वाळलं का?" भाई आला की दोघींना सलाम करतो आन् मंग मला शिव्या देतो. बायको रोज सकाळी फरशी वल्या फडक्यानं पुसती, आतून दाराकडं, मला मुद्दाम दावून दावून. काल मी लसून सोलत कोठ्यांच्या म्होरं बसलो, कंबर अवघडली म्हनून जरा पाय लांब केले.

"पाय जवळ घ्या," ती चुलीपासून म्हन्ली. "बाया हायत म्होरं."

म्या घेतले.